ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी रिव्हर्स कॅमेरा: कुठला घ्यावा, कुठं बसवावा

ट्रॉली जोडायची रीत बहुतेक गावांत सारखीच. ड्रायव्हर मान वळवून ट्रॅक्टर हळूहळू मागे आणतो आणि एक माणूस ट्रॅक्टर नि ट्रॉलीच्या मधे उभा राहून दांडी उचलून धरतो. "येऊ दे, येऊ दे, अजून थोडं... बास बास!" त्या 'बास'ला क्लचवरचा पाय घसरला, चाक ढेकळावरून खाली आलं किंवा उतारावर ट्रॅक्टर हातभर जास्त सरकला, तर मधल्या माणसाला बाजूला व्हायला जागाच नसते. मागे लोखंडी ट्रॉली आणि पुढे ट्रॅक्टरची मोठी चाकं. कॅमेऱ्याचा विचार आधी या माणसासाठी करायचा. ट्रॉली गोठ्याच्या भिंतीला घासू नये, वेळ वाचावा, हे फायदे आहेतच, पण ते नंतरचे.

हे आधीच सांगतो, कारण बाजारात 'रिव्हर्स कॅमेरा' मागितला की ट्रॉलीच्या शेपटाला लावायचा कॅमेरा हातात पडतो. दोन्ही घेणं परवडत असेल तर उत्तम. एकच घ्यायचा असेल आणि ट्रॉलीची रोज जोड-सोड होत असेल, तर पहिला कॅमेरा ट्रॅक्टरच्या हूकवर नजर ठेवणारा घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ट्रॅक्टरला ती सक्ती नाही. म्हणून काही जण मोटारीचा सेन्सर संच आणून ट्रॅक्टरच्या मागे लावतात. त्याचा उपयोग होत नाही. मागे ट्रॉली आली की सेन्सर तिलाच अडथळा समजतो आणि दिवसभर पी-पी करत बसतो.

पहिली पायरी: आपली ट्रॉली कुठल्या जातीची?

दोन चाकी ट्रॉलीचा काही भार दांडीवर येतो. सोडून ठेवली की ती पुढच्या स्टँडवर किंवा टेकूवर उभी असते, म्हणजे दांडी आपोआप काही उंचीवर राहते. अशा ट्रॉलीत ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधे एकच सांधा असतो. मागे घेताना ती लवकर वळते, पण कुठं चालली आहे हे वळून बघितल्यावर समजतं. हिला हूकचा कॅमेरा पुरतो. मागचा कॅमेरा मुख्यतः मागे माणूस, जनावर किंवा पोरं आहेत का हे बघायला.

चार चाकी ट्रॉलीची पुढची चाकं गोल फिरणाऱ्या टर्नटेबलवर असतात आणि दांडी त्या टर्नटेबलला जोडलेली असते. म्हणजे सांधे दोन, एक हूकपाशी आणि दुसरा टर्नटेबलपाशी. मागे घेताना दांडी एका बाजूला मुरडते आणि ट्रॉली भलत्याच दिशेला जाते, आणि ड्रायव्हरला ते कळेपर्यंत दांडी टायरला टेकलेली असते. इथं हूकचा कॅमेरा दुप्पट कामाचा ठरतो. जोडताना तो दांडीच्या टोकाची कडी दाखवतो आणि मागे घेताना दांडी किती मुरडली आहे तेही दाखवतो. नुसता शेपटाचा कॅमेरा लावून चार चाकी ट्रॉली मागे घ्यायला गेलात, तर पडद्यावर मागची मोकळी जागा छान दिसेल आणि पुढे दांडी मोडायला आलेली असेल.

एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहत असाल, तर कॅमेऱ्याच्या भरवशावर ती जोडी मागे घ्यायचा नाद सोडा. मागची ट्रॉली सोडायची, एकेक मागे घ्यायची. तिथं कॅमेरा फक्त जोडणीपुरता.

आणखी एक बघा. तुमच्याकडे ट्रॉली एकच आहे, की एक फडात भरते आहे तोवर दुसरी कारखान्यावर, असा फेरा चालतो? एकाच ट्रॅक्टरला ट्रॉल्या बदलत असतील तर मागचा कॅमेरा तारेचा घ्यावा की चुंबकाचा, हे यावरूनच ठरतं.

दुसरी पायरी: खरेदीआधी दांडीचा बंदोबस्त

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. चार चाकी ट्रॉलीची दांडी सोडली की जमिनीवर पडते. ती पडलेलीच असेल तर कितीही भारी कॅमेरा लावा, उचलून धरायला माणूस मधे लागणारच. मग पैसे कशाला घालवले?

उपाय स्वस्त आहे. ट्रॉलीच्या पुढच्या पत्र्याला वेल्डिंगवाल्याकडून एक हूक मारून घ्या आणि तिथून दांडीपर्यंत साखळी सोडा. सोडताना दांडी साखळीला अडकवायची, म्हणजे कडी ट्रॅक्टरच्या हूकच्या बरोबर उंचीला लटकत राहते. साखळीची नेमकी कडी ठरली की तिला लाल रंग लावून ठेवा. दोन चाकी ट्रॉलीला स्क्रूचा जॅक-स्टँड असेल तर सोडण्याआधीच उंची जुळवून ठेवा आणि स्टँडच्या नळीवर रंगाची रेघ मारा. ही उंची आधीच जुळवायची, कारण वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला ती दिसत नाही. पडद्यावर कडी हूकच्या बरोबर मधे आलेली दिसते, आणि खाली उतरून पाहावं तर ती हूकच्या चार बोटं खाली असते.

तिसरी पायरी: हूकच्या कॅमेऱ्याची जागा

कॅमेरा ट्रॅक्टरच्या मध्यरेषेवर हवा. सीटच्या मागे, टॉप लिंकच्या ब्रॅकेटच्या वरच्या अंगाला, खाली आणि थोडा मागे झुकलेला. एका मडगार्डवर बसवला तरी चित्र दिसतं, पण तिरपं दिसतं. कडी सरळ येत असली तरी पडद्यावर ती बाजूने शिरल्यासारखी वाटते आणि ड्रायव्हर उगाच स्टिअरिंग फिरवत बसतो. वर छत किंवा हूड असेल आणि कॅमेरा त्याच्या मागच्या दांडीच्या मधोमध लावता आला तर तेही चालेल. मात्र तिथं हादरे जास्त बसतात आणि शेतात झाडाच्या फांद्या लागतात.

अडचण अशी की हाच ट्रॅक्टर उद्या रोटाव्हेटर ओढणार आहे. टॉप लिंक वर-खाली होते, औजार फिरवणारा पीटीओचा शाफ्ट फिरतो, माती उडते. त्यामुळे हूकचा कॅमेरा सहज निघेल असा हवा. चुंबकाचं बूड असलेले कॅमेरे मिळतात. लोखंडी पत्र्यावर ते घट्ट बसतात, आणि औजार लावायच्या आधी काढून टूलबॉक्समधे टाकता येतात. घेण्याआधी मडगार्डला आणि सीटमागच्या पत्र्याला साधं चुंबक लावून बघा, कारण काही ट्रॅक्टरना प्लास्टिकचे भाग असतात. नटबोल्टचा ब्रॅकेट करून घेणार असाल तर खाली रबराचा वायसर घाला. डिझेल इंजिनाच्या हादऱ्याने बोल्ट ढिले होतात, आणि कॅमेऱ्याच्या आतली तार तुटते ती वेगळीच.

ट्रॅक्टरच्या मागे एका कोपऱ्यावर प्लाऊ लॅम्प, म्हणजे मागे उजेड पाडणारा दिवा असतो. कॅमेरा त्याच्या अगदी शेजारी बसवू नका. रात्री दिव्याचा झोत भिंगात आला की पडदा पांढरा होतो. दोघांत हातभर अंतर असलं की तोच दिवा कॅमेऱ्याच्या कामी येतो.

चौथी पायरी: ट्रॉलीच्या मागचा कॅमेरा

पहिल्यांदा सगळ्यांना फाळक्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेच्या, मधोमध जागा सुचते. दिसायला सोयीची, पण टिकायला वाईट. डंपिंग ट्रॉलीत फाळका वरून लोंबतो, आपटतो. साध्या ट्रॉलीत तो खाली पाडला की कॅमेरा जमिनीकडे बघत लटकतो किंवा चेपतो. शिवाय ऊस भरला की वाढे आणि कांड्या फाळक्याबाहेर येऊन भिंगासमोर उभ्या राहतात. कडबा, सोयाबीनचं भुसकट, शेणखत वाहतानाही हेच.

फाळक्याच्या खाली, चेसिसच्या मागच्या आडव्या चॅनलला लावला तर वरचे सगळे त्रास टळतात, पण चाकाचा चिखल थेट येतो. तिथंच लावायचा, फक्त चॅनलच्या मागच्या तोंडाला न लावता दोन-तीन इंच आत घ्यायचा आणि वर पत्र्याची छोटी पट्टी टोपीसारखी वळवून द्यायची. डंपिंग ट्रॉली असेल तर तार चेसिसवरूनच न्या, हौद्यावरून नको. हौदा वर उचलला की तिथली तार ताणून तुटते.

चार-पाच इंच वर-खाली झाल्याने चित्रात फार फरक पडत नाही. खालची जागा मिळत नसेल तर ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यातल्या उभ्या अँगलवर, ड्रायव्हर ज्या बाजूने वळून बघतो त्याच्या विरुद्ध बाजूला लावा. त्या बाजूला तो मान काढून बघू शकतो, पलीकडचा कोपरा त्याला दिसत नाही.

पाचवी पायरी: तारेचा की बिनतारी?

ट्रॉली एकच आणि कायम त्याच ट्रॅक्टरला असेल तर तारेचा घ्या. चित्र स्थिर, चार्जिंगची भानगड नाही, बिघाड शोधायला सोपा. तारेतला कच्चा दुवा म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधला जोड. मोटारीच्या कॅमेऱ्याला पिवळा गोल जॅक येतो, तो इथं चालत नाही. पाणी गेलं की हिरवा गंज धरतो. वजनी वाहनांच्या संचाला आटे पाडून घट्ट बसणारा चार पिनांचा जोड येतो, तो घ्या. तोही मातीपासून जपावा लागतो. ट्रॉली सोडली की ट्रॅक्टरकडचं तोंड टोपीने बंद करायचं आणि ट्रॉलीकडचं टोक दांडीवर न ठेवता पुढच्या पत्र्याच्या हूकला टांगायचं. दांडीवर ठेवलेलं टोक पहिल्या पावसात चिखलात पडतं. मग आट्यांत बसलेली माती टाचणीने काढत बसावं लागतं.

मधली तार स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची घ्या. ट्रॅक्टर पूर्ण काटकोनात वळवून बघा. तार ताणली तर ती आखूड, आणि सरळ उभं असताना पीटीओला किंवा टायरला लागत असेल तर ती लांब. हे ट्रॅक्टर उभा करून डोळ्यांनीच बघायचं, अंदाजावर सोडायचं नाही.

ट्रॉल्या बदलत असतील तर चुंबकाचा, बॅटरीवर चालणारा बिनतारी कॅमेरा सोयीचा. एका ट्रॉलीवरून काढला, दुसरीला चिकटवला. पण 'बिनतारी' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. सगळ्यात स्वस्त अ‍ॅनालॉग असतात, त्यांत शेजारच्या वायफायने किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरच्या कॅमेऱ्याने पट्टे येतात. कारखान्याच्या यार्डात अशी दहा वाहनं शेजारी उभी असतात. दुसरे डिजिटल, जे स्वतःच्या पडद्याशी जोडी करून बोलतात, त्यांत असा गोंधळ सहसा होत नाही. घ्यायचे तर हेच. तिसरे वायफायवरून मोबाइलवर चित्र देणारे. पडद्याचे पैसे वाचतात म्हणून हे मोह घालतात, पण यांत चित्र उशिरा येतं, उन्हात मोबाइल तापून मंद होतो, आणि नेमकं मागे घेताना फोन येतो.

उशिरा येणं म्हणजे किती? हिशोब करून बघा. सगळ्यात खालच्या रिव्हर्स गिअरमधे ताशी दोन किलोमीटर वेग धरला, तर ट्रॅक्टर सेकंदाला पंचावन्न सेंटीमीटर सरकतो. चित्र अर्धा सेकंद मागे असेल तर तुम्हाला दिसतंय त्यापेक्षा ट्रॅक्टर पाव मीटरहून जास्त मागे पोहोचलेला असतो. पिनेचं भोक तीनेक सेंटीमीटरचं.

हा उशीर दुकानातच मोजता येतो. एका मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून तो कॅमेऱ्यासमोर धरा. दुसऱ्या मोबाइलने स्टॉपवॉच आणि कॅमेऱ्याचा पडदा दोन्ही एकाच फोटोत घ्या. दोन्ही आकड्यांमधला फरक म्हणजे उशीर. सेकंदाच्या दोन दशांशाच्या आत असेल तर चालेल. जास्त असेल तर जोडणीसाठी तो कॅमेरा घेऊ नका.

सहावी पायरी: पाकिटावरचे आकडे

कोन. १७० अंश म्हणजे भारी, असा समज आहे. एवढ्या रुंद भिंगात कडेच्या रेषा वाकतात आणि समोरची वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. ट्रॉलीच्या शेपटाला १२० ते १४० अंश ठीक. हूकला त्याहून कमी, शंभरच्या आसपास मिळाला तर उत्तम, कारण तिथं हातभर जागाच नीट दिसायला हवी.

चित्र. साधे अ‍ॅनालॉग कॅमेरे कुठल्याही पडद्याला चालतात. एएचडी लिहिलेले ७२० किंवा १०८० रेषांचे कॅमेरे जास्त स्पष्ट, पण पडदासुद्धा एएचडी समजणारा लागतो, नाहीतर चित्र येतच नाही किंवा घरंगळत राहतं. म्हणून कॅमेरा आणि पडदा एकाच संचातले घ्या.

पाणी नि धूळ. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. पण वॉशिंग सेंटरवर जोराचा फवारा मारतात त्याची परीक्षा यात होत नाही. त्यासाठी आयपी ६९के असा शिक्का बघा, गरम पाण्याच्या उच्च दाबाच्या झोताची चाचणी त्यात असते. पडद्याचा आयपी आकडा विचारायला लोक विसरतात. आपले बहुतेक ट्रॅक्टर बिनकेबिनचे, त्यामुळे पाऊस कॅमेऱ्याइतकाच पडद्यावरही पडतो. मोटारीच्या डॅशबोर्डसाठी केलेला पडदा पहिल्या वळवाला मरतो.

प्रकाश. बारा वाजताच्या उन्हात दिसेल असा पडदा हवा. चमक निट्समधे देतात, पाचशेच्या पुढचा बघा, सोबत पुढे आलेली सावलीची कड असेल तर घ्या. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे सुंदर दिसतात. बाहेर उन्हात आणून दाखवा म्हणायचं. गॉगल घालत असाल तर घालूनच बघा, पोलराइज्ड काचेतून काही पडदे काळेठिक्कर दिसतात. आकाराला सात इंच पुरे. त्याहून मोठा लावायला ट्रॅक्टरवर जागा नसते.

रात्र. कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे चार-पाच मीटरपर्यंत काळंपांढरं चित्र देतात. हंगामात रात्री-बेरात्री वाहतूक असतेच, तेव्हा ट्रॉलीच्या मागे साधा पांढरा एलईडी वर्कलॅम्प लावा. चित्र रंगीत येतं आणि मागच्या माणसालाही कळतं की ट्रॉली मागे येते आहे. रस्त्यावर मात्र तो बंदच ठेवायचा, मागच्या वाहनाच्या डोळ्यांवर येतो.

व्होल्टेज. ट्रॅक्टर बारा व्होल्टचा असला तरी स्टार्टर मारताना ते खाली पडतं आणि जुन्या अल्टरनेटरवर वर उसळतं. ९ ते ३२ व्होल्ट चालेल असं लिहिलेला संच घ्या. पुढेमागे तो चोवीस व्होल्टच्या ट्रकलाही लागतो.

किंमतीचं म्हणाल तर मोटारीचा नुसता कॅमेरा हजार रुपयांच्या आत ऑनलाइन मिळतो. प्रयोग म्हणून तो हूकला लावून बघायला हरकत नाही. एक हंगाम टिकेल असं धरू नका. वजनी वाहनांचा पडद्यासकट संच काही हजारांना जातो.

सातवी पायरी: उलटं की सुलटं चित्र

नवशिक्याचा सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. मोटारीचे रिव्हर्स कॅमेरे आरशासारखं उलटवलेलं चित्र दाखवतात. गाडीची डावी बाजू पडद्यावर डावीकडे. पडदा पुढे, स्टिअरिंगजवळ असेल आणि तुम्ही पुढे तोंड करून त्याकडे बघत असाल तर हेच बरोबर.

पण ट्रॅक्टरवर बऱ्याच जणांची सवय मागे वळून बघायची. पडदा मडगार्डवर लावला आणि तुम्ही मागे तोंड करून त्याकडे बघता, तेव्हा तुमच्या डोळ्यांना ट्रॉलीची डावी बाजू उजव्या हाताला दिसते. तिथं आरशाचं चित्र लावलं तर पडदा एक सांगतो आणि डोळे दुसरं. तेव्हा सरळ चित्र हवं. म्हणून आधी पडद्याची जागा ठरवा, मग चित्र. बहुतेक संचांत मेनूमधे चित्र उलटवायची सोय असते. स्वस्त कॅमेऱ्यांना तारेतून बाहेर आलेला बारीक फासा असतो, तो कापला की चित्र उलटतं. कुठला फासा कशाचा ते सोबतच्या कागदावर बघूनच कात्री लावा.

तपासायला सोपं आहे. कुणाला तरी ट्रॉलीच्या मागे, सुरक्षित अंतरावर, ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला उभं करा आणि आपण नेहमी बसतो तसे बसून पडदा बघा.

माझी शिफारस पडदा पुढे आणि चित्र आरशाचं. त्याला कारण आहे. दोन चाकी ट्रॉली शिकताना स्टिअरिंग खालून, सहाच्या काट्यापाशी एका हाताने धरायचं. पुढे तोंड करून बसल्यावर हात डावीकडे नेला की ट्रॉलीचं शेपूट डावीकडे जातं, उजवीकडे नेला की उजवीकडे. पडद्यावरही तसंच दिसतं. मागे वळून बसलात की हा मेळ बिघडतो.

पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा येतात त्या बंद करा. त्या मोटारीच्या उंचीसाठी आखलेल्या असतात, ट्रॉलीशी त्यांचा संबंध नाही. त्याऐवजी आपली खूण करा. एकदा ट्रॉली नीट जोडा, पिन घाला, आणि पडद्यावर पिन जिथं दिसते तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तांदळाएवढा तुकडा चिकटवा. तिथून वर सरळ रेषेत आणखी दोन तुकडे, दांडीची मध्यरेषा दाखवणारे. पुढच्या वेळी मागे येताना कडी या वरच्या तुकड्यांवरून खाली सरकत येते आणि पहिल्या तुकड्याआड गेली की थांबायचं. चुंबकाचा कॅमेरा असेल तर तो रोज त्याच जागी बसायला हवा, म्हणून पत्र्यावर त्याच्या बुडाभोवती रंगाने कड काढून ठेवा. नाहीतर खूण निरुपयोगी.

आठवी पायरी: वायरिंग

मोटारीत रिव्हर्स गिअर टाकला की कॅमेरा आपोआप चालू होतो, कारण रिव्हर्स लाइटची तार असते. बहुतेक ट्रॅक्टरना ती नाही. तेव्हा पडद्याला किल्लीनंतरच्या लाइनवरून वीज द्या आणि मधे पाणी न जाणारा साधा टॉगल स्विच घाला. थेट बॅटरीला जोडलं तर विसरून रात्रभर चालू राहतो आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. लाइनमधे दोन-तीन अँपिअरचा फ्यूज घाला, वीज जिथून घेतली त्याच्या जवळ.

मागच्या कॅमेऱ्याला वीज चार पिनांच्या तारेतूनच जाते, वेगळं काही लागत नाही. बिनतारी पण बॅटरी नसलेला कॅमेरा घेतला असेल तर सात पिनांच्या ट्रॉली सॉकेटवरून वीज घेता येते. त्या सॉकेटच्या प्रचलित मांडणीत दोन इंडिकेटर, दोन टेललाइट, ब्रेकलाइट आणि अर्थ (अर्थिंग) अशा सहा पिना जातात. सातवी धुक्याच्या दिव्याची, जी ट्रॉलीत सहसा मोकळी असते. तिच्यावर किल्लीनंतरची वीज आणून कॅमेरा चालवायचा. पण आधीच्या मिस्त्रीने तिथं काय जोडलंय ते मल्टीमीटरने बघितल्याशिवाय हात लावू नका.

अर्थ ट्रॉलीच्या लोखंडावरून घेऊ नका. हूक आणि पिनेमधे ग्रीस, गंज, माती असते. ट्रॉली हलली की अर्थ तुटतो, जोडतो, आणि पडद्यावर पट्टे नाचतात. कॅमेरा खराब म्हणून परत आलेल्या कितीतरी प्रकरणांत दोष इतकाच असतो. अर्थ सॉकेटच्या पिनेवरूनच.

तार सायलेन्सरपासून आणि हायड्रॉलिकच्या नळ्यांपासून लांब न्या, पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी ग्रोमेट घाला.

जोडताना क्रम असा

ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. दांडी साखळीवर किंवा स्टँडवर, रंगाच्या खुणेला. सभोवार एकदा पायी फिरा, ट्रॉलीखालीही बघा, कारण चाकांमधली जागा कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. फडाजवळ किंवा कारखान्यावर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांशेजारी ट्रॉली उभी असेल तर हे फिरणं कधीच टाळायचं नाही. सावली असते म्हणून पोरं ट्रॉलीखाली बसतात.

मग ट्रॅक्टर पाच-सहा मीटर लांबूनच दांडीच्या रेषेत सरळ करा. शेवटच्या मीटरभरात स्टिअरिंग फिरवून कडी पकडायचा प्रयत्न नवखे करतात आणि तीनदा पुढे-मागे होतात. लो गिअर, ॲक्सिलरेटर नाही. कोणी मधे नाही, बाजूलाही नाही. कडी टेपच्या खुणेआड आली की थांबा, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. किल्ली काढून खाली उतरा. आता पिन घाला, खिट्टी लावा, साखळी सोडवा, तार जोडा, स्टँड वर करा. बोटभर चुकलं तर दांडी हाताने हलवून बसवायची नाही. पुन्हा वर चढायचं आणि बोटभर सरकवायचं. सुरुवातीला याचा कंटाळा येतो.

मागे घेताना दोन्ही ब्रेक पेडलची लॅच लावलेली आहे का बघा. नांगरताना सुटी केलेली असते. एकाच चाकाला ब्रेक बसला तर ट्रॅक्टर जागेवर गरकन वळतो आणि दांडी टायरला जाऊन भिडते. दोन कॅमेरे असतील तर पडदा दोन भागांत करा, पण लक्ष हूकच्या चित्रावर जास्त ठेवा. दांडी टायरपासून हातभर अंतरावर आली की थांबा, पुढे घेऊन सरळ करा. मुरडलेली ट्रॉली मागे घेत घेत सरळ होत नाही.

सुरुवात रिकाम्या ट्रॉलीने, मोकळ्या रानात, दोन रिकाम्या बारदानांच्या मधे. सिमेंटचे खांब किंवा दुचाकी मधे ठेवून शिकू नका.

रोज निघताना भिंग ओल्या फडक्याने पुसायचं, कोरड्याने नाही, वाळूने ओरखडे पडतात. हंगाम संपला की चुंबकाचा कॅमेरा आणि पडदा काढून घरात ठेवा. बॅटरीचा असेल तर अर्ध्याहून जास्त चार्ज करून ठेवा, पूर्ण उतरलेली बॅटरी पावसाळाभर पडून राहिली की पुन्हा उठत नाही. जोडाच्या पिनांना थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावून टोपी घाला, आणि टूलबॉक्समधे दोन जादा फ्यूज टाकून ठेवा.